सीएमएलची गोळी जनुकांना शिवतही नाही, मग जनुकं गप्प कशी होतात?

कृष्णाकाठची

मामांना सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, असल्याचं कळलं त्याला या दिवाळीत बारा वर्षं होतील. रोज रात्री जेवण झालं की मोठा पेलाभर पाणी आणि इमॅटिनिबची गोळी. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "तू म्हणतेस बिघाड जनुकात आहे. मग ही गोळी जनुक दुरुस्त करते का गं?" मी म्हटलं, नाही. "मग जनुकाला हात न लावता रोग दबतो कसा?" याच रोगाच्या पेशींवर मी सहा वर्षं काम केलंय, पण पाच मिनिटांच्या फोनवर ते सांगून होईना. मामा हा धागा वाचणार आहेत. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्या सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते.

आधी बिघाड कुठे आहे ते. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, याचा उलगडा १९७३ मध्ये शिकागोला जॅनेट रॉली यांनी केला: ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यात एबीएल नावाचं जनुक बीसीआर नावाच्या जनुकाला जाऊन चिकटतं आणि दोघांचं मिळून एक जोडप्रथिन तयार होतं, बीसीआर-एबीएल. यातलं एबीएल हे कायनेज आहे.

कायनेजचं काम एका वाक्यात सांगता येतं. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा एक फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर ठरलेल्या जागी बसवायचा. माणसाच्या पेशींत अशी पाचशेहून जास्त कायनेज आहेत. बसवलेला फॉस्फेट काढून टाकणारी विकरं वेगळी, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. पेशीच्या बाहेर काय चाललंय याची बातमी आत पोचवायची ही सगळ्यात वापरातली पद्धत.

बातमी पोचते कुणाकडे? बऱ्याचदा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरकडे. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. त्यातली कोणती वाचायची, कोणती मिटून ठेवायची, हे ही प्रथिनं ठरवतात. डीएनएवरचा ठरावीक मजकूर ओळखून ती तिथे बसतात आणि जनुकाची आरएनए नक्कल काढणारी यंत्रणा तिथे बोलावतात.

मामांच्या रोगात महत्त्वाचा फॅक्टर म्हणजे स्टॅट५. निरोगी माणसात त्याचं काम बघा. समजा तुम्ही उंच डोंगरावर राहायला गेलात. हवेत प्राणवायू कमी. मूत्रपिंडाला ते कळतं आणि ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक रक्तात सोडतं. अस्थिमज्जेत लाल पेशी होऊ घातलेल्या तरुण पेशी असतात, त्यांच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला ते चिकटतं. रिसेप्टरच्या आतल्या टोकाला जॅक२ नावाचं कायनेज बसलेलं असतं, ते जागं होतं. तोवर स्टॅट५ पेशीद्रवात नुसतं फिरत असतं. जॅक२ त्याच्या ६९४ क्रमांकाच्या अमिनो आम्लावर, टायरोसिनवर, फॉस्फेट बसवतं. आता दोन स्टॅट५ समोरासमोर येतात, एकाचा फॉस्फेट दुसऱ्याच्या खोबणीत अडकतो आणि अशी जोडी केंद्रकात शिरून डीएनएवर बसते. संप्रेरक लागल्यापासून हे सगळं व्हायला काही मिनिटं पुरतात. मग पेशीला मरू न देणारं बीसीएल-एक्सएल, पेशीचक्र पुढे ढकलणारी सायक्लिन डी, अशा जनुकांचं वाचन सुरू होतं.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती अशी, की स्टॅट५ जी जनुकं चालू करतं त्यांत त्याला स्वतःलाच आवर घालणारीही असतात. सॉक्स गटातली प्रथिनं तयार होतात आणि जॅक२ला रोखतात. फॉस्फटेज स्टॅट५वरचा फॉस्फेट काढतात. जोडी सुटते, स्टॅट५ केंद्रकाबाहेर येतं आणि पुढच्या बातमीची वाट बघतं.

मामा, तुमच्या उसाला रात्रीचं पाणी असायचं तेव्हा मी बॅटरी धरून तुमच्याबरोबर यायचे. एक सरी भरली की तुम्ही खोऱ्यानं दारं मोडायचा आणि पाणी पुढच्या सरीला लावायचा. मोटर तीच, पाटही तोच. पीक जगायचं ते तुम्ही वेळेवर दारं मोडत होता म्हणून. बीसीआर-एबीएल म्हणजे दारं कायमचं उघडं राहिलेला पाट. त्याला ना संप्रेरक लागतं ना रिसेप्टर. ते थेट स्टॅट५वर फॉस्फेट बसवत सुटतं, आणि सॉक्स ज्याला रोखतं तो जॅक२ या वाटेवर नसतोच. फॉस्फटेज काढतं त्याहून जास्त वेगानं नवा बसतो. बीसीएल-एक्सएल चालूच, सायक्लिन चालूच. पांढऱ्या पेशी मरत नाहीत, वाढत राहतात.

इमॅटिनिब जनुकाकडे जातच नाही. एबीएलच्या ज्या कप्प्यात एटीपी बसतं, तिथे ते स्वतः जाऊन बसतं. एटीपी नाही, तर बसवायला फॉस्फेट नाही. जुने फॉस्फेट फॉस्फटेजनी काढून टाकले की स्टॅट५ केंद्रकाबाहेर येतं आणि ती जनुकं मिटतात. बिघडलेलं जनुक जागच्या जागी असतं, त्यातून प्रथिनही तयार होत असतं, पण त्या प्रथिनाचे हात बांधलेले असतात. गोळी रोज का घ्यायची, हे यातच आलं.

मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. ज्या मोठ्या चाचणीत रुग्णांना सुरुवातीपासून इमॅटिनिब दिलं, त्यातले ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते.

शेवंती

कृष्णाकाठची, किती बरं वाटलं वाचून. माझे वडील २०१६ पासून याच गोळीवर आहेत. दर तीन महिन्यांनी पीसीआर, म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल शोधणारी तपासणी, करतो. आता रिपोर्टमध्ये काही सापडत नाही असं येतं. आई म्हणते, रोग गेला असेल तर गोळी कशाला? डोळ्यांखाली सूज येते, रात्री पायात गोळे येतात, ते बघवत नाही तिला. काय सांगू?

कृष्णाकाठची

शेवंतीताई, आईंना सांगा, रिपोर्ट फारच चांगला आहे, पण गोळी आपल्या मनानं एक दिवसही थांबवायची नाही.

कारण असं. अस्थिमज्जेत रोगाच्या थोड्या मूळ पेशी असतात, स्टेम सेल. त्यांच्यातही बीसीआर-एबीएल असतं आणि इमॅटिनिब तिथेही त्याला बांधून ठेवतं. पण या पेशी जगायला त्याच्यावर अवलंबून नसतात. आजूबाजूच्या पेशींकडून मिळणाऱ्या दुसऱ्या संदेशांवर त्या तग धरतात. दारं बंद केलं तरी झऱ्यावर जगणारं झाड असतं तसं. अशा मोजक्या पेशी पीसीआरलाही सापडत नाहीत.

तरीही थांबवून बघण्याचा रस्ता आहे. फ्रान्समध्ये १०० रुग्णांची एक चाचणी झाली, तिचे निकाल २०१० मध्ये आले. किमान दोन वर्षं ज्यांच्या रक्तात काहीच सापडलं नव्हतं अशांचीच गोळी थांबवली. वर्षभरानं सुमारे ४० टक्के लोक गोळीशिवाय ठीक होते. बाकीच्यांचा रोग परतला, पण पीसीआरवर लवकर लक्षात आल्यामुळे गोळी पुन्हा सुरू करून आटोक्यात आणता आला. म्हणजे हे करायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करून. पायात येणाऱ्या गोळ्यांबद्दल आणि सुजेबद्दलही डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावर उपाय असतात. पुष्कळ लोक हे त्रास सांगतच नाहीत.

जुना_मास्तर

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. एटीपीचं नाव निघालं की मी वर्गात येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नसे. जन्म आंध्रातल्या भीमावरमचा. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२५ मध्ये फॉस्फेट मोजायची रंगाची पद्धत शोधली, ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. स्नायूंतल्या एटीपीचा शोधही त्याच जोडीनं लावला. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही १९२९ मध्येच तो लावला. पुढे सुब्बाराव यांच्याच चमूनं बनवलेल्या अमिनोप्टेरिननं १९४८ च्या सुमारास सिडनी फार्बर यांना लहान मुलांच्या ल्युकेमियात पहिल्यांदा उतार पडलेला दिसला. ज्यानं फॉस्फेट मोजायला शिकवलं, त्याच माणसानं ल्युकेमियाचं औषधही दिलं. मुलांना हे माहीत असायला हवं.

आता माझा प्रश्न. पाचशे कायनेज, आणि प्रत्येक जण फॉस्फेटच बसवणार. मग एखाद्या कायनेजला आपला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ओळखू येतो कसा?

कृष्णाकाठची

सर, सुब्बारावांची आठवण काढलीत, फार छान वाटलं.

ओळख दोन ठिकाणी पटते. एक, ज्या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसणार त्याच्या शेजारी कोण आहे. उदाहरणार्थ, ईआरके नावाच्या कायनेजला सेरीन किंवा थ्रिओनीनच्या लगेच पुढे प्रोलीन लागतं. एकेटीला सेरीनच्या अलीकडे ठरावीक अंतरावर आर्जिनीन लागतात. २०२३ मध्ये ३०३ सेरीन-थ्रिओनीन कायनेजच्या अशा आवडीनिवडींचा नकाशा प्रसिद्ध झाला. पेशीत एखादा नवा फॉस्फेट सापडला तर तो कुणी बसवला असेल, याचा अंदाज आता त्यावरून करतात.

दुसरी ओळख थोडी लांबची. ईएलके१ या फॅक्टरवर ईआरकेला धरायला वेगळा भाग आहे, फॉस्फेटच्या जागेपासून दूर. आधी तिथे पकड, मग काम.

सह्याद्रीवारा

म्हणजे सूत्र सोपं आहे: फॉस्फेट बसला की जनुक चालू, निघाला की बंद. बरोबर?

कृष्णाकाठची

स्टॅट५ पुरतं बरोबर. पण सगळीकडे तसं धरून चाललात तर फसाल, म्हणून थोडं थांबून सांगते.

फॉक्सओ घ्या. पेशीची वाढ थोपवणारी, तिला मरण्याची परवानगी देणारी जनुकं हा चालवतो. जेवणानंतर इन्सुलिन आलं की एकेटी हे कायनेज फॉक्सओवर फॉस्फेट बसवतं. १४-३-३ नावाचं प्रथिन तो फॉस्फेट धरून फॉक्सओला केंद्रकाबाहेर अडकवतं. इथे फॉस्फेट बसला की जनुक बंद. एकेटीला आवर घालणारं पीटेन कित्येक कर्करोगांत हरवलेलं असतं, तेव्हा फॉक्सओ बाहेरच राहतो आणि पेशीला थांबवणारं कुणी उरत नाही.

पेशीची वाढ रेटणारा मिक हा फॅक्टर आणखी वेगळा. त्याच्यावर जवळजवळच दोन जागा आहेत. ६२ क्रमांकाच्या सेरीनवर ईआरके फॉस्फेट बसवतं, त्यानं मिक टिकतं. मग ५८ क्रमांकाच्या थ्रिओनीनवर जीएसके३ दुसरा बसवतं, आणि ती मिकच्या विल्हेवाटीची खूण असते. चार अमिनो आम्लांच्या अंतरावर जगण्याचा आणि मोडीत निघण्याचा असे दोन्ही शिक्के! बर्किट लिम्फोमाच्या कित्येक रुग्णांत नेमकी ५८ ची जागाच म्युटेशननं, म्हणजे जनुकातल्या बदलानं, बदललेली सापडते. मोडीचा शिक्का बसायला जागाच नाही, म्हणून मिक साचत जातं.

आणि पी५३, डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणारा फॅक्टर. त्याला एमडीएम२ सतत धरून नष्ट करत असतं. डीएनए तुटला की एटीएम आणि सीएचके२ ही कायनेज पी५३वर अशा जागी फॉस्फेट बसवतात, की एमडीएम२ची पकड सुटते.

वेळेचंही असंच. उंदराच्या एका गाठीपासून वाढवलेल्या पीसी१२ नावाच्या पेशी आहेत. त्यांना ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन दिलं तर ईआरके थोडाच वेळ जागं राहतं आणि पेशी विभागतात. एनजीएफ हे तसंच दुसरं प्रथिन दिलं तर तेच ईआरके कितीतरी तास जागं राहतं आणि पेशींना चेतापेशींसारखे धागे फुटतात. कायनेज तेच, निर्णय वेगळा. यामागचं एक कारण फॉस या फॅक्टरमध्ये आहे. ईआरके जागं झालं की फॉसचं जनुक लगेच वाचलं जातं, पण प्रथिन तयार होऊन येईपर्यंत वेळ जातो. तोवर ईआरके निजलं असेल तर फॉस येतं तसं नष्ट होतं. ईआरके अजून जागं असेल तर ते फॉसवर फॉस्फेट बसवतं आणि फॉस टिकतं. बातमी किती वेळ टिकली, हे पेशी अशी मोजते. माझ्या मते कर्करोग समजून घ्यायला हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. मेलानोमाच्या जवळपास निम्म्या गाठींत बीराफ या कायनेजमध्ये म्युटेशन असतं. तिथे ईआरकेला जागं करणारी बातमी संपतच नाही.

निशिगंध

मला स्तनाच्या कर्करोगासाठी पाल्बोसायक्लिब सुरू आहे. डॉक्टर म्हणाले हेही कायनेज अडवणारं औषध आहे. माझं प्रकरण यातल्या कशात बसतं?

मिरजेचा_डॉक्टर

निशिगंधताई, मी सांगतो. तुमच्या औषधाचं लक्ष्य सीडीके४ आणि सीडीके६ ही दोन कायनेज. इथे फॉस्फेट ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर बसत नाही, त्याला कवटाळून बसलेल्या प्रथिनावर बसतो. ई२एफ हा फॅक्टर डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं चालवतो. आरबी त्याला धरून ठेवतं. इस्ट्रोजेनमुळे सायक्लिन डी वाढली की सीडीके४ आणि ६ आरबीवर फॉस्फेट बसवू लागतात, पकड ढिली होते, ई२एफ मोकळा होतो आणि पेशी विभागायला निघते. गोळी ही कायनेज अडवते, म्हणून आरबीची पकड राहते. तिच्याबरोबर तुम्हाला हार्मोनचं औषधही दिलं असेल. ते सायक्लिन डीचा पुरवठाच कमी करतं, त्यामुळे दोन्ही मिळून काम चांगलं होतं.

निरोगी अस्थिमज्जेलाही सीडीके६ लागतं, त्यामुळे पांढऱ्या पेशी खाली येतात. साधारण तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी, हा क्रम त्यासाठीच. मधल्या रक्त तपासण्या चुकवू नका, आणि ताप आला तर वाट न बघता लगेच कळवा.

निशिगंध

सुट्टीच्या आठवड्याचं कारण आज पहिल्यांदा नीट समजलं. मनापासून आभार, डॉक्टर.

परळकर

विज्ञान मला झेपेल तेवढं झेपलं, पण एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. माझ्या बहिणीला ही गोळी परवडली ती एका लढ्यामुळे. मूळ कंपनीच्या, नोव्हार्टिसच्या, गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख होता, आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. कंपनीनं औषधाच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितलं तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन विरोधात उभी राहिली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०१३ ला न्यायालयानं नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं: पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)नुसार, जुन्याच औषधाचं नवं रूप रोगावर जास्त गुणकारी असल्याचं दाखवल्याशिवाय पेटंट नाही. कायनेजच्या कप्प्यात बसणारी गोळी पेशंटच्या खिशालाही झेपली, ती या लोकांमुळे.

कृष्णाकाठची

परळकर, तुमचा प्रतिसाद मामांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. त्यांची गोळीही इथलीच.

शेवंतीताईंसाठी एक राहिलं होतं. काही रुग्णांत रोग वाढलेला असताना एबीएलच्या कप्प्याच्या तोंडाशी असलेलं ३१५ क्रमांकाचं थ्रिओनीन बदलून तिथे आयसोल्युसीन येतं. मग इमॅटिनिब आत बसत नाही, एटीपी मात्र बसतं, आणि स्टॅट५चं पुन्हा सुरू होतं. त्यासाठी पोनॅटिनिब आहे, आणि असिमिनिब तर एटीपीचा कप्पा सोडून एबीएलच्या दुसऱ्याच खोबणीत बसतं. गोळी नियमित घेऊनही पीसीआरचा आकडा चढू लागला तर डॉक्टर म्युटेशनची तपासणी सांगतात ती यासाठी.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

ताई, प्रश्न प्रयोगाचा आहे, इथे विचारला तर चालेल ना? प्रोजेक्टला के५६२ पेशी आहेत. एका फ्लास्कमध्ये १ मायक्रोमोलर इमॅटिनिब, दुसऱ्यात नाही. फॉस्फो-स्टॅट५चा, म्हणजे फॉस्फेट बसलेल्या स्टॅट५चा, वेस्टर्न ब्लॉट (मेम्ब्रेनवर अँटीबॉडी लावून प्रथिनाची पट्टी बघायची चाचणी) तीनदा केला. तिन्ही वेळा अख्खं मेम्ब्रेन करडं, आणि औषध न दिलेल्या पेशींतही पट्टी जेमतेम. गाइड म्हणतात पेशी खराब झाल्या असतील.

कृष्णाकाठची

इथेच विचार, चालेल की! के५६२ सत्तरच्या दशकात सीएमएलच्याच एका बाईंच्या पेशींपासून वाढवलेल्या आहेत. त्यांच्यात फॉस्फो-स्टॅट५ ठळक यायला हवं. पेशींना दोष देण्याआधी मला सांग: पेशी फोडायच्या बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनडेट ताजं घातलं होतंस का? सगळं बर्फात केलंस का? आणि अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेम्ब्रेन ब्लॉक कशानं केलंस?

एमएस्सी_दुसरं_वर्ष

व्हॅनडेट संपलं होतं, म्हणून नुसतं प्रोटिएज इन्हिबिटर घातलं. बर्फ फक्त शेवटी. ब्लॉकिंग दूध पावडरनं, ५ टक्के.

कृष्णाकाठची

मग उत्तर तिथेच आहे. पेशी फुटली तरी फॉस्फटेज मरत नाहीत. तू सेंट्रिफ्यूजची वाट बघत उभा होतास तेवढ्या वेळात त्यांनी स्टॅट५वरचे फॉस्फेट काढून टाकले. व्हॅनडेट टायरोसिनवरचे काढणाऱ्यांना अडवतं, सोडियम फ्लोराइड सेरीन-थ्रिओनीनवाल्यांना. दोन्ही घाल, बफर आधीपासून बर्फात ठेव आणि पेशी उचलल्यापासून हात पटापट चालव.

दुधात केसीन असतं, आणि केसीनवर स्वतःचेच पुष्कळ फॉस्फेट असतात. फॉस्फोच्या अँटीबॉडीला दूध नको. बीएसए या रक्तातल्या प्रथिनानं ब्लॉक कर.

आणि पट्टी आली की तिथेच थांबू नकोस. तेच मेम्ब्रेन धुऊन एकूण स्टॅट५ची अँटीबॉडी लाव. औषधाच्या बाजूला नुसता फॉस्फेट गेला का अख्खं प्रथिनच गेलं, हे त्याशिवाय सांगता येणार नाही.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

आठ दिवस लागले, व्हॅनडेट शेजारच्या लॅबमधून आणलं. काल रात्री फिल्म काढली. मेम्ब्रेन स्वच्छ. औषध न दिलेल्या पेशींत ९० किलोडाल्टनच्या आसपास जाड काळी पट्टी. इमॅटिनिबच्या लेनमध्ये त्या जागी काहीच नाही. आज सकाळी तेच मेम्ब्रेन धुऊन एकूण स्टॅट५ लावलं. ताई, दोन्ही लेनमध्ये पट्टी सारखीच.

कृष्णाकाठची

फोटो पाठव. मामांना दाखवायचाय.